सिस्टर कुठे टिकतात?

मी संगणकवाला माणूस. हॉस्पिटलवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की अम्मीचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा रात्री मी तिच्या उशाशी काढल्या. वॉर्डात पेशंट छत्तीस, रात्री सिस्टर दोन. "अम्मींना दर दोन तासांनी कुशीवर वळवा," असं एक सिस्टर स्वतःहून सांगून गेली. "आम्ही दोघी कुणाकुणाला पुरणार, भाऊ?" मला झोप लागायची. सहाव्या दिवशी पाठीला बेडसोअर झालंच. आणि मी भांडलो कुणाशी? त्याच सिस्टरशी.

नंतर शोधत गेलो तेव्हा अमेरिकेतली एक गोष्ट सापडली. १९८०च्या सुमारास तिथे नर्सेसचा तुटवडा होता. नर्सेस नोकरी का सोडतात हे सगळेच विचारत होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने उलटं विचारलं: त्या टिकतात कुठे? १६३ हॉस्पिटलं पाहिली, त्यातली ४१ निवडली. लोहचुंबकासारखी माणसं धरून ठेवणारी, म्हणून 'मॅग्नेट'. अहवाल १९८३चा. पुढे त्याचीच रीतसर मान्यता झाली आणि १९९४ साली ती पहिल्यांदा मिळाली सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन मेडिकल सेंटरला.

मला खरी आवडली ती पुढची गोष्ट. ही मान्यता चारच वर्षांची. मुदत संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. पेशंट किती पडले, बेडसोअर किती झाले, लघवीच्या नळीतून संसर्ग किती झाला, याचे वॉर्डनिहाय आकडे द्यायचे. दोन वर्षांचे, दर तिमाहीचे. आणि बहुतेक वॉर्ड बहुतेक वेळा इतर हॉस्पिटलांच्या सरासरीपेक्षा सरस हवेत. एकच चांगला वॉर्ड दाखवून भागत नाही. वर तपासनीस येतात ते वॉर्डातल्या नर्सशी स्वतः बोलतात: ड्यूटी कोण लावतं, तुमचं कोण ऐकतं?

यात पैसा बराच लागतो, त्यामुळे लहान हॉस्पिटलं मागे राहतात. ही टीका मला पटते. पण अम्मीचं बेडसोअर आपल्याकडे कुठल्या रजिस्टरात लिहिलं गेलं असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मघाशी बाहेर एक बहीण भेटली. नर्सिंगला जायचंय, पण रात्रपाळीमुळे अब्बू नको म्हणतात. अब्बूंची काळजी खोटी नाही. मुलाखतीला जाशील तेव्हा तूच विचार: रात्री एका सिस्टरकडे पेशंट किती? मागच्या वर्षी किती जणी सोडून गेल्या? आणि येताना अब्बूंनाही घेऊन जा. उत्तर त्यांनाही ऐकू दे.