घोडी पाय टाकीना, तर काय करावे?



आज आपण घोड्याच्या पायाविषयी बोलू. कोणी म्हणेल, "गुरुजी, आचोळ्यात आता घोडे उरलेत कुठे?" खरे आहे. वसई तालुक्यात एके काळी टांगे होते. रिक्षा आल्या आणि टांगे गेले. पण लग्नाची घोडी अजून आहे. तुळशीचे लग्न लागले की वराती सुरू होतात. एका घोडीच्या पाठीवर एक घर जगते. तिचा पाय गेला, तर त्या घरची चूल थंड पडते.

आम्ही शाळामास्तर. जनावरांचे डॉक्टर नव्हे. जाणत्या लोकांकडून जे शिकलो, तेच तुम्हांला सांगतो.

घोडी लंगडण्याची कारणे पुष्कळ. खिळा रुततो, खडा अडकतो, खुरात पू होतो. बहुधा अशा वेळी एकच पाय दुखतो. पण पुढचे दोन्ही पाय एकदम धरले, तर सावध व्हा. हे खुराच्या आतले दुखणे असू शकते. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात.

खुरात असते काय? बाहेर नखासारखे टणक कवच असते. आत हाड असते. हाड आणि कवच यांना पातळ पापुद्रे धरून ठेवतात. पुस्तकाची पाने एकमेकांत अडकवावीत, तसे ते असतात. एका खुरात असे साडेपाचशे ते सहाशे पापुद्रे! घोड्याचा सारा भार त्यांच्यावर. त्यांना सूज आली, तर ती जाणार कुठे? बाहेरचे कवच काही फुगत नाही. आपल्या नखाखाली काटा मोडला तर जीव कासावीस होतो. मग त्या मुक्या जनावराचे काय होत असेल? सूज वाढली की पापुद्रे सुटतात. हाड आतल्या आत फिरते किंवा खाली खचते.

हे ओळखावे कसे? घोडी पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून उभी राहते. चालायला नको म्हणते. वळताना फार दुखते. पायांवरचा भार सारखा बदलते. खूर हाताला गरम लागतो. खुराच्या वरच्या सांध्याजवळ, मागच्या बाजूला बोटे ठेवून पाहा. एरवी तिथली नाडी जेमतेम लागते. या दुखण्यात ती ठणठण उडते. हे सारेच दिसेल असे नाही. दोन खुणा दिसल्या तरी डॉक्टरला बोलवा.

हे दुखणे होते कशाने? मोठे कारण म्हणजे खाणे. वरातीत पाहुणे कौतुकाने लाडू-जिलबी भरवतात. मालकही मायेने हरभरा नि गूळ जास्त घालतो. घोडी लठ्ठ होते. तिच्या मानेवर चरबीचा कडक वळ चढतो. ही तब्येत नव्हे, मंडळी. ही धोक्याची खूण आहे. पावसाचे कोवळे गवत भरमसाट खाल्ले, तरी हे होते. कडक रस्त्यावर फार धावली, तरी होते. एक पाय अधू झाला, की सारा भार दुसऱ्यावर येतो. मग तोही बिघडतो. घोडी व्याल्यावर तीन तासांत वार पडली नाही, तरी डॉक्टर हवा. अडकलेल्या वारेनेही खूर जातात.

आणि घोडीने धान्याच्या पोत्यात तोंड घातले, तर लंगडायची वाट पाहू नका. दुखणे दिसायला दिवस-दोन दिवस लागतात. डॉक्टर त्याआधीच यायला हवा.

आता उपाय ऐका.

पहिले, काम बंद. त्याच क्षणी बंद. "चालवली की पाय मोकळा होईल," असे लोक म्हणतात. या दुखण्यात ते उलटे आहे. प्रत्येक पावलाला पापुद्रे फाटतात.

दुसरे, खाली मऊ जागा करा. भाताचा पेंढा किंवा वाळू वीतभर अंथरा. ती बसली, तर बसू द्या.

तिसरे, खूर थंड ठेवा. पहिल्या दोन-तीन दिवसांत बर्फाचा फार उपयोग होतो. आपल्या भागात मासळीमुळे बर्फ मिळतो. जाड पिशवीत बर्फ आणि पाणी घालून खूर व वरचा सांधा त्यात बुडवून ठेवा. बर्फ वितळला की नवा घाला.

चौथे, धान्य, भरडा, गूळ, शिळा भात बंद. पण उपाशी ठेवू नका. सुके गवत तासभर पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, मग गवत घाला. प्यायला पाणी भरपूर ठेवा.

पाचवे, डॉक्टर. १९६२ या क्रमांकावर फोन लावा. सरकारी पशुसेवेचा तो फोन आहे, पैसे पडत नाहीत. परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे. त्याचे पूर्ण नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय तिथेच आहे. पण घोडीला टेम्पोत चढवण्याआधी डॉक्टरला विचारा. प्रवासाने दुखणे वाढते. नालही आपण उपटू नये. डॉक्टर आणि नालबंद यांनी मिळून ते ठरवावे.

डाग देणे, रक्त काढणे, माणसाच्या गोळ्या चारणे, हे सारे सोडा. त्याने वेळ जातो, आणि इथे वेळच मोलाची.

आता खरी अडचण बोलू. तीन लग्नांची सुपारी घेतलेली असते. आगाऊ पैसे खर्च झालेले असतात. अशा वेळी कोणी सांगतो, "एक सुई टोच, रात्रभर चालेल." चालेलही. सुईने दुखणे कळेनासे होते, बरे होत नाही. घोडी बिचारी नाचते, आणि आत हाड खचते. सकाळी ती उठत नाही. तीन लग्नांचे पैसे मिळाले, पण पुढच्या दहा वर्षांची कमाई गेली. त्यापेक्षा दुसऱ्या घोडीवाल्याला ते काम द्या. आज तुम्ही त्याला द्या, उद्या तो तुम्हांला देईल. शिवाय १९६० च्या कायद्याने आजारी जनावराला कामाला लावणे हा गुन्हा आहे.

बरे व्हायला किती दिवस लागतात? महिन्याला खूर एक सेंटिमीटरही पुरता वाढत नाही. पुढचा खूर वरून खालपर्यंत नवा व्हायला नऊ ते बारा महिने जातात. तेवढा धीर धरायला हवा. सगळीच जनावरे वाचत नाहीत, हेही खरे. अमेरिकेत सेक्रेटेरियट नावाचा जगप्रसिद्ध घोडा होता. १९७३ साली त्याने तिथल्या तीन मोठ्या शर्यती जिंकल्या. १९८९ साली याच दुखण्यापायी त्याला दयेने मरण द्यावे लागले. तिथे पैशाला काय तोटा होता? पण दुखणे हाताबाहेर गेले, की पैसा चालत नाही. पहिल्या दिवशी जे हातात असते, ते पुढे राहत नाही.

म्हणून मंडळी, रोज सकाळी दाणा घालण्याआधी घोडीच्या चारही खुरांना हात लावा. रोज हात लावला, म्हणजे गरम खूर लगेच कळतो. याला पैसा लागत नाही.