कुंचल्याची पारख



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हंसूं आलें असेल. पांढऱ्या केसांच्या निवृत्त शाळामास्तरानें रंगभूषेच्या कुंचल्यांविषयीं बोलावें, हें वरकरणी विचित्र खरेंच. परंतु तीस वर्षें शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलांचीं तोंडें रंगविण्याचें काम माझ्याकडे होतें. आणि त्या कामांत माझ्या हातून घडलेल्या एका चुकीनेंच मला हा विषय शिकविला.

ती चूक आधीं सांगतों. एका वर्षीं नाटुकल्यांत चौदा मुलें होतीं. पडदा वर जाण्यास अर्धा तास उरला होता, आणि काजळाची रेघ ओढण्यास माझ्याजवळ बारीक कुंचला एकच होता. तोच मीं सर्वांच्या पापण्यांवरून फिरविला. पहिल्याच मुलीचे डोळे किंचित् लाल दिसत होते. जागरणानें झाले असतील, असें मानून मीं दुर्लक्ष केलें. चौथ्या दिवशीं त्या चौदांपैकीं नऊ मुलें गैरहजर! सर्वांचे डोळे आले होते. एका मुलाची आई शाळेंत आली. ती रागावली नाहीं, एवढेंच म्हणाली, "गुरुजी, डोळे आले म्हणजे घरीं आम्ही टॉवेलसुद्धां वेगळा ठेवतों." त्या वाक्याला मजपाशीं उत्तर नव्हतें.

तेव्हांपासून कोणताही कुंचला हातीं घेतांना मी तीन प्रश्न विचारतों: हा कोणत्या कामाचा, हा कशाचा, आणि हा नीट धुतां येईल काय?

प्रथम कामाचा विचार करूं. तोंडाला लावावयाचे रंग मुख्यतः दोन प्रकारचे, पूड आणि लेप. सुटी पूड तोंडभर पसरावयास मोठा, गोल व विरळ केसांचा कुंचला हवा. त्यांतून पूड थोडथोडी सुटते व डाग पडत नाहींत. गालांवरील लालीसाठीं त्याहून लहान व तिरप्या टोकाचा हवा. लेपाला दाट व आखूड केसांचा हवा, कारण लेप दाबून पसरवावा लागतो. पापणीवरील रंगासाठीं अरुंद, मऊ व चपटा, आणि काजळाच्या रेघेसाठीं अगदीं बारीक टोकाचा. एवढ्या पांच कुंचल्यांत घरगुती काम भागतें.

दुसरा प्रश्न केसांचा. बकरीचे किंवा खारीचे केस पुष्कळ वर्षें वापरले जात आहेत. प्रत्येक केसावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म खवले असतात. त्यांत पूड अडकून राहते व हळूहळू सुटते. परंतु तेच केस लेप मात्र शोषून घेतात. उलट नायलॉनसारखे कृत्रिम तंतु गुळगुळीत असल्यामुळें लेप शोषीत नाहींत, लवकर धुतले जातात व लवकर वाळतात. आतां असे तंतु निमुळत्या टोकांचेही मिळतात, आणि ते पूडही चांगली उचलतात.

येथें एक कबुली दिली पाहिजे. बारीक रेघेसाठीं आम्ही चित्रकारांचे मुंगसाच्या केसांचे कुंचले बेधडक वापरीत असूं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुंगूस संरक्षित आहे व त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. तरीही तो चोरून चालत राहिला, आणि २०१९ सालीं वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाला त्याविरुद्ध देशभर मोहीम काढावी लागली. दुकानदार मुंगसाचा कुंचला दाखवूं लागला, तर तो परत करावा.

टोकांची पारख कशी करावी, तें जपानी कारागिरांकडून शिकावें. हिरोशिमा प्रांतांतील कुमानो हें गांव कुंचल्यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथें केसांचीं टोकें कात्रीनें छाटून आकार देत नाहींत. नैसर्गिक टोकें तशींच राखून, केस जुळवून आकार साधतात. छाटलेलें टोक बोथट होतें व कातडीला टोंचतें. २०११ सालीं स्त्रियांचा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या जपानी संघाला सरकारनें सन्मानासोबत याच गांवचे रंगभूषेचे कुंचले भेट दिले. आपणही कुंचला हाताच्या पाठीवर फिरवून पहावा. टोंचला तर घेऊं नये. केस हलकेच ओढावेत. ते गळूं लागले, किंवा दांडीवरची धातूची नळी हलूं लागली, तरी घेऊं नये.

तिसरा प्रश्न स्वच्छतेचा, आणि माझ्या मतें हाच सर्वांत मोठा. आठवड्यांतून एकदां कोमट पाण्यांत सौम्य साबणानें कुंचला धुवावा. डोळ्यांचा कुंचला त्याहूनही वारंवार. धुतांना केस खालीं असावेत. नळींत पाणी शिरलें कीं आंतला डिंक सुटतो. नंतर आडवा ठेवून वाळवावा. आणि डोळ्यांचा कुंचला सख्ख्या बहिणीलाही देऊं नये.

परवां माझ्या नातीनें चोवीस कुंचल्यांचा संच पुढें ठेवून विचारलें, "आजोबा, यांतला चांगला कोणता?" मीं म्हटलें, "बाळ, जो तूं धुशील तो."

त्या घटनेनंतरच्या वर्षापासून मीं प्रत्येक मुलासाठीं कापूस गुंडाळलेली वेगळी काडी केली, आणि काजळही वेगवेगळ्या द्रोणांत दिलें. रेघ थोडी जाड आली. पण संमेलनाच्या चौथ्या दिवशीं हजेरी पुरी भरली.