गाणे घेऊन निघालेली माणसे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)





आपल्या मुलामुलींच्या गायनपथकाने येत्या हिवाळ्यात महाराष्ट्रात जाऊन कार्यक्रम सादर करावेत आणि त्यासोबत काही प्रेक्षणीय स्थळेही पाहावीत, असा विचार आपल्या कार्यकारिणीपुढे आहे. त्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. मी गायक नाही. माझा व्यवसाय डॉक्टरकीचा. गायकांच्या गळ्याशी माझा संबंध येतो तो घसा बसल्यावरच. तरीही हे निमंत्रण मी आनंदाने स्वीकारले, कारण एका गायनपथकाच्या प्रवासाची हकीकत गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून आहे. आपल्या मुलांनी प्रवासाला निघण्यापूर्वी ती ऐकावी, असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय परिषदेसाठी मी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गेलो होतो. परिषदेतून सवड काढून मी फिस्क विद्यापीठ पाहण्यास गेलो. तेथे ज्युबिली हॉल नावाची एक भव्य, जुनी इमारत आहे. दक्षिणेतील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभारलेली ही पहिली कायमस्वरूपी वास्तू. १ जानेवारी १८७६ रोजी तिचे उद्घाटन झाले. ती कोणा राजाने बांधली नाही की कोणा कारखानदाराच्या एकट्याच्या देणगीतून उभी राहिली नाही. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या तरुण-तरुणींनी गावोगाव, देशोदेशी गाणी गाऊन पैसा जमविला आणि त्या पैशातून ती उभी राहिली.

यादवी युद्ध संपल्यावर, जानेवारी १८६६ मध्ये, सैन्याने सोडलेल्या रुग्णालयाच्या जुन्या बराकींत फिस्कची शाळा सुरू झाली. कालपर्यंत ज्यांना शिक्षण नाकारले गेले होते, ते लहानथोर सारे तेथे पाटी घेऊन बसले. परंतु पाच वर्षांतच संस्था कर्जात बुडाली आणि बंद पडण्याच्या बेताला आली. त्या वेळी संस्थेचे खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी एक धाडस केले. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांचे गायनपथक घेऊन ते उत्तरेकडे निघाले. त्यांतील बहुतेकांचा जन्म गुलामगिरीतला. पियानो वाजविणारी आणि पथकाचा कणा असलेली एला शेपर्ड तेव्हा वीस वर्षांची होती. तिच्या वडिलांनी पैसे मोजून तिला मुक्त करून घेतले होते. तिची आई मात्र मालकाकडेच राहिली होती. माणसाची किंमत डॉलरमध्ये मोजली जाण्याचा काळ तो.

प्रारंभी या मुलांचा कार्यक्रम कसा असे? शिष्टसंमत युरोपीय गीते, त्या काळी दिवाणखान्यांत चालणारी गाणी. आपण सुसंस्कृत आहोत, हे गोऱ्या श्रोत्यांना दाखवून द्यावे, अशी त्यामागची धारणा. आपल्या आई-बापांनी कापसाच्या शेतात, रात्रीच्या काळोखात, मालकाच्या कानांआड गायलेली गाणी त्यांना येत होती. पण ती चारचौघांत गाण्यास ती मुले नाखूश होती. एकतर त्या गाण्यांना गुलामगिरीचा वास होता आणि तो भूतकाळ त्यांना विसरावयाचा होता. दुसरे म्हणजे, ती गाणी त्यांच्या वडीलधाऱ्यांना पवित्र वाटत. बाजारात मांडण्याची ती वस्तू नव्हती. म्हणून ही मुले व्हाइट यांच्या घरी जमत, दारे-खिडक्यांचे पडदे ओढून घेत, जमिनीवर बसत आणि हलक्या आवाजात ती गाणी एकमेकांपासून शिकत.

बंधू-भगिनींनो, हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना मी काही काळ एका अपरिचित वस्तीत खोली घेऊन राहत होतो. इंदोऱ्यातील आमच्या घरी रोज सकाळी भीमगीते लागत. इथे मात्र तीच गीते मी दार लावून आणि टेपरेकॉर्डरचा आवाज अगदी बारीक करून ऐकत असे. घरमालकांच्या पावलांचा आवाज आला की माझा हात आपोआप बटनाकडे जाई. मला कोणी तसे करण्यास सांगितले नव्हते. माझ्या बोटांनाच ते ठाऊक होते.

पुन्हा त्या पथकाकडे वळू. पहिले काही आठवडे अत्यंत हालाचे गेले. अनेक हॉटेलांनी त्यांना खोली नाकारली. त्या काळी गोरे नट तोंडाला काळे फासून निग्रोंची टिंगल करणारे खेळ करीत. लोकांना वाटे, हेही तसलेच काही विनोदी पथक असेल. सिनसिनाटीला असताना शिकागोच्या महाभयंकर आगीचे वृत्त आले. हाती आलेली मिळकत पन्नास डॉलरच्या आतबाहेर होती आणि डोक्यावर देणे होते. तरीही या मुलांनी ती सारी रक्कम आगग्रस्तांना देऊन टाकली. दानपारमिता यापेक्षा निराळी काय असते?

पुढे कोलंबस गावी, मनाने खचलेल्या या पथकाला व्हाइट यांनी ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव दिले. बायबलमध्ये दर पन्नासाव्या वर्षी दासांना मुक्त करण्याचे वर्ष सांगितले आहे. त्याला ज्युबिली म्हणतात. त्यानंतर नोव्हेंबर महिन्यात ओबर्लिन येथे धर्मोपदेशकांच्या एका मोठ्या परिषदेत या मुलांनी पडद्याआड शिकलेली गाणी म्हटली. गोंगाट करणारी सभा स्तब्ध झाली. तेथून पुढे त्यांच्या कार्यक्रमाचे स्वरूपच बदलले. युरोपीय गीते मागे पडली आणि पूर्वजांची गाणी पुढे आली. मार्च १८७२ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे गायले. पहिल्या दौऱ्याअखेर वीस हजार डॉलर जमले. १८७३ साली ते इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीपुढे गायले आणि सुमारे पन्नास हजार डॉलर घेऊन परतले. पुढील दौऱ्यात हॉलंड आणि जर्मनीही झाले. १८७८ पर्यंत एकूण सुमारे दीड लाख डॉलर त्यांनी मिळविले. याची किंमतही त्यांनी मोजली. अखंड प्रवासाने अनेकांची प्रकृती ढासळली, त्यांच्या स्वतःच्या शिक्षणात खंड पडला. बेंजामिन होम्स हा गायक क्षयाने गेला. डॉक्टर म्हणून ही बाब मला विसरता येत नाही.

ज्या १८७३ साली ही मुले इंग्लंडमध्ये गात होती, त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. एकाच वर्षी मुक्ततेचा एक उच्चार लंडनमध्ये गाण्यातून झाला आणि दुसरा पुण्यात ग्रंथातून.

आणि हे गाणे पुढे आपल्या देशातही पोहोचले. फ्रेडरिक लाउडिन हा या पथकातील एक दमदार गायक. ओहायोत स्वतंत्र घरात जन्मलेला. तरुणपणी तो आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून तेथील चर्चला वर्गणी देई. त्या चर्चने वर्गणी घेतली, पण केवळ वर्णामुळे गायनवृंदात घेण्यास नकार दिला. हाच लाउडिन पुढे स्वतःचे ज्युबिली पथक घेऊन १८८४ ते १८९० अशी सहा वर्षे जगभर फिरला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड करीत १८८९-९० च्या सुमारास हे पथक हिंदुस्थानात आले. इतर प्रवाशांप्रमाणे त्यांनी आग्रा पाहिले, ताजमहाल पाहिला आणि त्या घुमटाखाली आपल्या पूर्वजांचे गीत म्हटले. त्या वेळी पुण्यात जोतीराव पक्षाघाताने आजारी होते; उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने लेखन केले होते. आणि १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला.

गुलामांची मुले ताजमहाल पाहू शकली, त्यात गाऊही शकली. आता त्यानंतरची एक सहल पाहा. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. प्रवासाच्या धुळीने माखलेली ही मंडळी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्याने तोंड-पाय धुऊन आत जाण्यास निघाली. एवढ्यात एक वृद्ध आरडाओरडा करीत धावत आला, की यांनी हौद बाटविला. जमाव गोळा झाला, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर आले. अखेर सशस्त्र शिपाई बरोबर देऊन, आत कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही या अटीवर, त्यांना किल्ला पाहू देण्यात आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदविला आहे. कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या पदव्या ज्याच्या नावापुढे होत्या, अशा माणसाची ही प्रेक्षणीय स्थळांची सहल.

आता मी माझ्या स्वतःच्या एका अपराधाविषयी सांगतो. काही वर्षांपूर्वी येथील एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आपल्या मुलांनी गावे, असे निमंत्रण आले. मुलांनी दोन भीमगीते बसविली होती. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी एका संयोजकांचा दूरध्वनी आला. बोलणे अतिशय गोड. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, गाणी सर्वांना चालतील अशी घ्या ना. आनंदाचा प्रसंग आहे.” मी एका शब्दाने विचारले नाही, की बाबासाहेबांचे गाणे कोणाला चालत नाही. “ठीक आहे,” म्हणालो. मुलांनी पाऊस आणि फुलपाखरांची गाणी म्हटली, टाळ्याही पुष्कळ मिळाल्या. घरी परतताना गाडीत मागच्या आसनावरून माझ्या मुलीने विचारले, “बाबा, आपली गाणी वाईट आहेत का?” तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी रस्त्याकडे पाहत गाडी चालवीत राहिलो. नागपूरच्या खोलीतील ती बटनाकडे जाणारी बोटे मी अमेरिकेतही बरोबर आणली होती आणि आता ती माझ्या मुलीला वारशाने देत होतो.

आपली गाणी वाईट नाहीत, हे तिला मी त्या रात्री सांगावयास हवे होते. ती आज या सभागृहात बसली आहे, आज सांगतो. भीमराव कर्डकांच्या जलशाने खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचविला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मलेल्या वामनदादा कर्डकांना लहानपणी अक्षरओळखही नव्हती. मोठेपणी ते लिहा-वाचावयास शिकले आणि आयुष्यभर गावोगाव गात फिरले. अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले. गाणे घेऊन निघण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. तिच्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी तीन विनंत्या ठेवतो.

पहिली, गाण्यांची यादी मुलांनी करावी. पाऊस-फुलपाखरांनाही त्यात अवश्य स्थान असो. मुलांनी आनंदाने का गाऊ नये? परंतु निमंत्रक कोणीही असोत, बाबासाहेबांचे गीत वगळण्याची अट आली तर आपण नम्रपणे निमंत्रण परत करावे. फोनवर मी जे बोललो नाही, ते पत्राने कळवावे.

दुसरी, प्रत्येक गाण्याचा अर्थ मुलांना इंग्रजीतून समजावून द्यावा. आपल्या मुलांचे मराठी उच्चार अडखळतात, म्हणून कोणी हसेल अशी भीती काही मातांना वाटते. हसू द्या. अर्थ न कळता शुद्ध म्हटलेल्या गाण्यापेक्षा, अर्थ समजून अडखळत म्हटलेले गाणे मला अधिक मोलाचे वाटते.

तिसरी विनंती सहलीविषयी. मुले ताजमहाल पाहोत, गोव्याचा समुद्र पाहोत. हौसेचे दिवस आहेत. पण नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी आणि महाडचे चवदार तळे यांच्या बरोबरीने दौलताबादचा किल्लाही कार्यक्रमात असावा. वेरूळला जाताना वाट तेथूनच आहे. तेथे मुलांना थांबवून १९३४ सालची ती हकीकत वाचून दाखवावी. मग त्यांना गावेसे वाटले तर त्यांनी गावे. नाही वाटले तर गप्प उभे राहावे.

फिस्कचे गायनपथक आजही आहे. दरवर्षी ६ ऑक्टोबरला तेथील विद्यार्थी नॅशव्हिलमधील आपल्या पहिल्या गायकांच्या कबरींपाशी जाऊन गातात. २०२१ साली त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. दीडशे वर्षांपूर्वी पडदे ओढून हलक्या आवाजात शिकलेली तीच गाणी ती.

माझ्या मुलीचा प्रश्न मी आपणा सर्वांपुढे ठेवला आहे. त्याचे उत्तर आपले पथक देईल, अशी मला आशा आहे. मुलांना प्रवासासाठी मनःपूर्वक शुभेच्छा देतो. जाण्यापूर्वी सर्वांनी लसी टोचून घ्याव्यात आणि तेथे पाणी उकळलेले प्यावे, एवढा वैद्यकीय सल्ला देऊन मी आपली रजा घेतो.

जय भीम. नमो बुद्धाय.