रक्तदाब आणि वय

(हडपसर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा विषय शोधण्यास मला दूर जावे लागले नाही. माझे चुलते सत्तरीचे असताना त्यांचा वरचा रक्तदाब १७० भरला. घरातील एका जाणत्या गृहस्थांनी हिशेब सांगितला, "वयात शंभर मिळवा, दाब बरोबर आहे." आम्हां सर्वांस हायसे वाटले. दोन वर्षांनी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्या हिशेबाला मीही मान डोलावली होती.

वाढलेला दाब ही वृद्ध देहाची गरजच आहे, असे एके काळी मोठमोठे डॉक्टरही समजत. शिवाय गुणकारी औषधेही फारशी नव्हती. ती स्थिती पालटण्यात आपल्या मुंबईचा वाटा आहे. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा ५० रुग्णांवर घेतलेला अनुभव १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला, आणि आपल्या वैद्यांच्या परिचयाची मुळी जगभर पोहोचली. (आज मात्र ती कोणी स्वतःच्या मनाने घेऊ नये, मन खिन्न करण्याचा दोष तीत आहे.) पुढे १९९१ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत दिसून आले की, साठीपुढील माणसांचा चढलेला वरचा दाब औषधाने उतरविला असता पक्षाघाताचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक घटते.

तेव्हा प्रौढ मनुष्य पंचविशीचा असो वा पंचाहत्तरीचा, १२०/८० च्या आतला दाब निरोगी. आणि वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० पुनःपुन्हा गाठला जात असेल, तर तो उच्च रक्तदाब होय. मधल्या टप्प्यातील माणसाने सावध असावे. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते विसावतानाचा. उतारवयात धमन्या कठीण होतात म्हणून वरचा चढतो, खालचा पुष्कळदा उतरतो. पण हे सर्रास घडते एवढ्याने ते निर्धोक ठरत नाही. वयाचा विचार करावयाचा तो अन्यत्र. मुलांचा दाब मुळातच कमी असतो व तो वय आणि उंची पाहून पारखतात. गर्भवतीचा १४०/९० भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. अतिवृद्धांस औषध बेताने द्यावे लागते, आणि त्यांचा दाब उभे करूनही मोजावा. कारण उठताक्षणी तो उतरून घेरी येते व माणूस पडतो.

जिना चढून आल्याबरोबर दंड पुढे करू नये. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, हात हृदयाच्या पातळीस ठेवावा, दोन वेळा मोजावे. आधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. भगिनींनी रागावू नये, मशेरी हीही तंबाखूच आहे. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. लोणचे-पापड त्यातच आले. आजच्या पंगतीत पानाची डावी बाजू पाहून मला हे बोलण्याचा थोडा संकोच वाटतो.

मंडपाच्या दाराशी आपल्यातीलच दोन तरुण डॉक्टर यंत्र घेऊन बसले आहेत. दाब वाढला असता बहुधा काहीच दुखत नाही, म्हणून प्रकृती ठणठणीत असलेल्यांनीही जावे. वडीलधाऱ्यांस आधी बसू द्यावे, आणि आकडा तोंडी न ठेवता कागदावर लिहून घ्यावा.