जुन्या मोटारीचें दुखणें

कुर्ल्याच्या कारखान्यांत घडलेली, १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नांवानें ओळखली गेलेली प्रीमियर मोटार आतां नवी मिळत नाहीं; ज्याच्या घरीं ती आहे, त्यानें तिचें एंजिन जपलेंच पाहिजे.

गोंदियाकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती सकाळीं हटून बसते. स्टार्टर जोमानें फिरतो, पण एंजिन पेट घेत नाहीं. अशा वेळीं दोष बॅटरीचा नव्हे. दमट हवेनें डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणांत ओल धरते व ठिणगी प्लगपर्यंत पोंचत नाहीं. टोपण काढून आंतून कोरड्या फडक्यानें पुसावें. पुष्कळदां तेवढें पुरतें. मे महिन्यांतलें कारण निराळें. उष्णतेनें पेट्रोलाची नळींतच वाफ होते आणि पंप नुसती वाफच ओढीत राहतो. पंपावर ओलें फडकें टाकून वाट पाहावी. उतावळा गृहस्थ मात्र स्टार्टर फिरवफिरवून चांगली बॅटरी संपवून बसतो!

आवाजांतही भेद आहे. एंजिनाच्या माथ्यावरची बारीक टकटक बहुधा टॅपेटची फट वाढल्याची. ती कांहीं दिवस खपते. चढावर खालून येणारा जड ठोका मात्र बेअरिंगचा असूं शकतो. तो ऐकूं येतांच एंजिन बंद करावें. मग मोटार ट्रॅक्टरला बांधून घरीं आणावी लागली तरी लाज मानूं नये.