येलदरीचे पाणी आणि आपण
(वर्षावास समारोपानिमित्त जिंतूर येथे दिलेले व्याख्यान)





वर्षावासाच्या कार्यक्रमात धम्मावर किंवा चळवळीवर बोलावे, असा आपला शिरस्ता आहे. मी मात्र आज येलदरीवर बोलणार आहे. येलदरी आपल्या तालुक्यातले धरण, जिंतूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. आपल्यापैकी प्रत्येक जण तिथे कधी ना कधी गेलेला आहे. कुणी शाळेच्या सहलीत, कुणी पाहुण्यांना घेऊन, कुणी मन उदास झाले म्हणून एकटाच. सुट्टी मिळाली की माझेही पाय तिकडेच वळतात. एखादी जागा आपलीशी का वाटते आणि तसे वाटणे धम्माला धरून आहे काय, एवढाच आजचा माझा विषय आहे.

प्रथम ते पाणी कुठून येते ते पाहू. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. ज्या डोंगराच्या कुशीत आपल्या पूर्वसूरींनी लेणी कोरली, त्याच रांगेतले हे पाणी. वाटेत बुलढाणा जिल्ह्यात तिला खडकपूर्णा म्हणतात. तिथल्या धरणाला संत चोखासागर असे नाव आहे. ज्या चोखोबांना देवळाच्या पायरीपुढे जाऊ दिले नाही, त्यांच्या नावाचा जलाशय ओलांडून पूर्णा आपल्याकडे येते. येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी वीजघर असून तीन संच मिळून २२.५ मेगावॅट वीज निर्माण करण्याची त्याची क्षमता आहे. येथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी शेताशेतांत पोहोचते. पुढे पूर्णा गोदावरीला मिळते. जिंतूरच्या आणि परभणीच्या घराघरांतल्या माठात हेच पाणी असते. म्हणजे आपण ज्याला सहलीचे ठिकाण म्हणतो, ते आधी आपल्या तहानेचे ठिकाण आहे.

आता कुणी म्हणेल, समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, अत्याचाराचे एवढे प्रश्न असताना डोंगर-पाण्याची आवड ही श्रीमंतांची चैन नव्हे काय? याचे उत्तर परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. १९३४ साली चळवळीतल्या काही कार्यकर्त्यांनी प्रवासाला जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि बाबासाहेबांनीही सोबत यावे, असा आग्रह धरला. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन फार दिवस झाले नव्हते. तरीही बाबासाहेब निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले होते. सुमारे तीस जण होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने सगळ्यांची तोंडे माखली होती. वेशीजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवला म्हणून गावकरी धावून आले, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहू दिला तो हत्यारी शिपाई बरोबर देऊन. आत कुठेही पाण्याला हात लागू नये म्हणून! बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे.

मित्रहो, महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले २० मार्च १९२७ रोजी. त्यानंतर सात वर्षांनीही त्या पाण्याच्या निर्मात्यांना, म्हणजे तळे खुले करणाऱ्या माणसालाच, सहलीत हौदाचे पाणी मिळाले नाही. हा मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. आमच्या वडीलधाऱ्यांनाही नदीवर खालच्या अंगालाच पाणी भरावे लागे. वरचा घाट एकाचा, खालचा घाट दुसऱ्याचा. येलदरीच्या काठावर उभे राहिले की मला पहिल्यांदा हेच जाणवते. या पाण्याला वरचा घाट नाही, खालचा घाट नाही. तिथे आपला मुलगा ओंजळ भरतो आणि कुणी त्याला त्याचे गाव, आडनाव विचारत नाही. ही जागा मला आपली वाटते, याचे पहिले कारण तिथले सौंदर्य नसून हा मोकळेपणा आहे.

परंतु सौंदर्य गौण आहे, असेही मी म्हणणार नाही. तथागतांचा जन्म लुंबिनीच्या वनात झाला, संबोधी नेरंजरेच्या काठी पिंपळाखाली, पहिला उपदेश मृगदायवनात आणि महापरिनिर्वाण दोन शालवृक्षांच्या मध्ये. उरुवेलेची ती जागा रमणीय होती, नदी स्वच्छ वाहत होती, म्हणून साधनेसाठी ती निवडली, असे स्वतः भगवंतांनी भिक्खूंना सांगितले आहे. अखेरच्या प्रवासात वैशाली किती रमणीय आहे, हे त्यांनी आनंदाला सांगितले आणि मग ती वैशाली सोडून ते शांतपणे पुढे निघाले. या दोन गोष्टी एकत्र ध्यानात घ्याव्यात. सुंदर जागा पाहून प्रसन्न होणे म्हणजे तृष्णा नव्हे. ती जागा फक्त माझीच असावी, असे वाटू लागले की तृष्णा सुरू होते.

आपल्या येलदरीखालीही माणसांची गावे आहेत. धरण झाले तेव्हा कुणाची घरे, कुणाची काळी जमीन पाण्यात गेली, तेव्हा आपल्या नळाला पाणी आले. म्हणून 'माझी येलदरी' म्हणताना त्या विस्थापितांचे स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. आणि काठावर जेवणाच्या पत्रावळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या टाकून येणे, हे तर आपल्याच माठात कचरा टाकण्यासारखे आहे. पाण्यात घाण करू नये, झाडाझुडपांना विनाकारण इजा करू नये, असे नियम विनयात भिक्खूंना घालून दिले आहेत. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला वड लावले, विहिरी खोदल्या आणि तसे शिलास्तंभावर कोरून ठेवले. बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. त्या परिसराचे नाव नागसेनवन. नावातच वन आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

शेवटी संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. वसतिगृहातल्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या कित्येक मुलांना सुट्टी म्हणजे काय, हे ठाऊक नसते. सुट्टीतही ती कामावर असतात. वर्षातून एका पौर्णिमेला संस्थेने अशा मुलांना येलदरीला न्यावे. सकाळी वंदना, मग काठाची स्वच्छता, मग पाच-दहा झाडे लावावीत आणि ती जगवण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी. मोठ्या माणसांनी सोबत राहून कुणालाही खोल पाण्यात उतरू देऊ नये. आणि उरलेला वेळ मुलांना नुसते बसू द्यावे. हिवाळ्यात आलेली बदके पाहू द्यावीत, वारा अंगावर घेऊ द्यावा. त्या वेळी भाषण करू नये, मीही करणार नाही.

दौलताबादला शिपायाच्या पहाऱ्यात फिरलेल्या त्या तीस जणांना जे मिळाले नाही, ते आपल्या लेकरांना निर्भयपणे मिळावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. 

नमो बुद्धाय! जय भीम!