नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

(गोंदिया जिल्ह्यात देवरी येथे बचत गटांच्या आणि स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भाषेत बाळ जन्मलं की त्याचं ‘नाव ठेवतात’ आणि बाई मोठी झाली की तिला ‘नावं ठेवतात’. शब्द जवळपास तेच, फक्त एका अनुस्वाराचा फरक. पहिलं एकदाच होतं, बारशाला. दुसरं जन्मभर चालतं. या दोन्ही वेळी नाव ठेवतं कोण, आणि त्या नावामुळे बाईच्या आयुष्यात काय होतं, यावर आज बोलायचं आहे. शब्दांवर काय बोलायचं, पोटाचे प्रश्न काय कमी आहेत, असं काही जणींना वाटेल. पण रेशनकार्डापासून पोलीस स्टेशनपर्यंत आपलं प्रत्येक काम शब्दांतूनच जातं. तिथे एक शब्द चुकीचा पडला की पुढचं सगळं बिघडतं.

सुरुवात बारशापासूनच करू. आपल्या भागात जुन्या पिढीतली नावं आठवा. बुधवारी जन्मली ती बुधाबाई, शुक्रवारी जन्मली ती शुकराबाई. इतवारी, सनिचरी, मंगली अशी नावं आपल्या गावांत आजही भेटतात. या नावांत कुणाचा अपमान नाही, तो दिवसाचा हिशोब आहे. दुसरा प्रकार म्हणजे दगडू, धोंडू, केरबा, उकंडा. आधीची मुलं दगावलेली असली की पुढच्या मुलाला मुद्दाम वाईट नाव देत, म्हणजे मृत्यूचं, दृष्टीचं लक्ष त्याच्याकडे जाऊ नये. छत्तीसगढी बोलणाऱ्या आपल्या शेजारच्या गावांत बिसाहू आणि बिसाहिन ही नावं आहेत. बिसाना म्हणजे विकत घेणं. मूल नावापुरतं दाईला किंवा शेजारणीला विकायचं आणि चार पैसे देऊन परत घ्यायचं. म्हणजे ते आपलं नव्हेच, विकत घेतलेलं! नाव ओबडधोबड, पण त्याच्यामागे एकच धडपड आहे, हे मूल जगलं पाहिजे.

आता याच्या शेजारी एक तिसरं नाव ठेवून बघा: नकुशी. सातारा जिल्ह्यात हे नाव शेकडो मुलींना दिलेलं होतं. नकुशी म्हणजे नको असलेली. मुलीवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल अशी समजूत. दगडू हे नाव मूल राहावं म्हणून दिलं जातं आणि नकुशी हे नाव मुली येणं थांबावं म्हणून. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींची नावं बदलली. मुलींनी आपल्याला आवडणारी नावं घेतली, त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रं मिळाली. काम चांगलं झालं. पण नाव बदललं म्हणून घरातली मुलाची वाट पाहणं थांबतंच असं नाही, हे आपण जाणतो. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. राज्यातल्या अनेक जिल्ह्यांपेक्षा ही परिस्थिती चांगली, आणि तिचा अभिमान जरूर बाळगावा. पण ‘पोरगी म्हणजे परक्याचं धन’ ही म्हण आपल्या ओसरीवरही ऐकू येतेच ना? धन म्हटलं की मालक आला, आणि दान करायचा अधिकार आला. ‘कन्यादान’ हा शब्द त्याच घरातला.

लग्नानंतर बाईचं माहेरचं नाव जातं आणि तिच्या नावापुढे एक बिल्ला लागतो. सौ., श्रीमती, गं. भा. यातल्या प्रत्येकाने एकच गोष्ट कळते, नवरा आहे की नाही. पुरुषाच्या ‘श्री.’वरून त्याची बायको जिवंत आहे की मेली, याचा पत्ता लागत नाही.

या शब्दांची मुळं शोधली की मात्र वेगळंच काही हाती लागतं. हळदीकुंकवाला आपण ‘सवाष्ण’ म्हणतो, ती संस्कृतातली सुवासिनी. संस्कृत कोशात सुवासिनीचा एक अर्थ दिला आहे: वडिलांच्या घरी राहणारी स्त्री, लग्न झालेली असो वा नसो. त्या अर्थाने माहेरी परत आलेली लेकसुद्धा सवाष्णच! ‘विधवा’ या शब्दाची फोड ‘वि’ म्हणजे विना आणि ‘धव’ म्हणजे नवरा अशी सांगतात. पण भाषेचे अभ्यासक म्हणतात की विधवा हा शब्द फार प्राचीन आहे, लॅटिनमधला ‘विदुआ’ आणि इंग्रजीतला ‘विडो’ हे त्याचेच नातलग आहेत, आणि मुळात त्याचा अर्थ वेगळी झालेली, एकटी राहिलेली असा होता. ‘धव’ हा शब्द बहुधा विधवा शब्दातून नंतर तोडून काढलेला आहे. म्हणजे बाईचा शब्द आधीचा आणि त्यातून नवऱ्याचा शब्द मागाहून तयार झाला. पुढे शास्त्र मात्र असं सांगू लागलं की तिची सगळी ओळखच त्याच्या नसण्यात आहे.

एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी सुचवलं होतं की विधवा न म्हणता ‘गंगा भागीरथी’ म्हणावं, त्यासाठी प्रस्ताव तयार करावा. राज्यभरातून टीका झाली तेव्हा हा निर्णय नाही, नुसती चर्चा आहे, असा खुलासा आला. गंगेचं नाव पवित्र आहे, पण प्रश्न पवित्रतेचा नव्हताच. नवरा गेला हे कपाळावर लिहूनच बाईने फिरलं पाहिजे का, हा प्रश्न होता. याच्या उलट उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. हेरवाडने बाईला गोड नाव दिलं नाही, तिच्यावर होणारं कृत्य थांबवलं. मला वाटतं, आपण धरायचा रस्ता हाच.

आणि शासनाने आपल्याला दिलेलं सगळ्यात ताजं नाव तर तुम्हा सगळ्यांच्या तोंडी आहे: लाडकी बहीण. २०२४ मध्ये योजना सुरू झाली, महिन्याला दीड हजार रुपये. ते पैसे गरजेचे आहेत, त्यांनी किती घरांचं तेलमीठ येतं हे मला माहीत आहे. पण नाव नीट बघा. बहिणीला भाऊ देतो ती ओवाळणी. ओवाळणीचा हक्क मागता येत नाही, भावाची मर्जी असते. नागरिकाला मिळतो तो हक्क, आणि तो बंद झाला तर जाब विचारता येतो. पात्रतेची यादीही आठवा: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि घरातली एकच अविवाहित. पुन्हा मोजमाप नवऱ्यावरूनच.

‘परित्यक्ता’ हा शब्दही तपासू. गावात तिला ‘टाकलेली’ म्हणतात. १९८० नंतरच्या काळात आपल्या संघटनांनी या बायांचे मेळावे घेतले, त्यांच्या पोटगीचा आणि रेशनकार्डाचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, तेव्हा परित्यक्ता हा शब्द त्यांच्यासाठी रूढ झाला. टाकलेलीपेक्षा तो सन्मानाचा वाटला आणि त्याने काम केलं. तरी अर्थ तोच राहतो, सोडून दिलेली. मारहाणीला कंटाळून जी स्वतः लेकरं घेऊन बाहेर पडली, तिला टाकलेली कसं म्हणायचं? तिने सोडलं आहे! आज आपण ‘एकल महिला’ म्हणतो, त्यात निदान टाकणारा कुणी नाही.

आता कामाकडे येते. भित्र्या पुरुषाला म्हणतात, ‘हातात बांगड्या भरल्या का?’ आपल्या धानाच्या जिल्ह्यात हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही. आषाढ-श्रावणात चिखलात दिवसभर वाकून रोवणी कोण करतं? त्या प्रत्येक हातात बांगड्या असतात. पण शेतकरी म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुष येतो. बाई ही शेतकऱ्याची बायको, नाहीतर मजूर. सर्वेक्षणाला गेलं की बाया स्वतःच सांगतात, ‘मी काई करत नाई बाई, घरीच रायतो.’ चूल, पाणी, गुरं, रोवणी, निंदण, कापणी, तेंदूपत्ता, मोहफूल, आणि वर ‘काई करत नाई’! मग जनगणनेच्या कागदावर ती काम न करणाऱ्यांत जमा होते. ज्याचं कामच कागदावर नाही, तो पीककर्ज कशावर मागणार, नुकसानभरपाई कुणाच्या नावाने घेणार?

सगळ्यात भयंकर नाव शेवटी घेते. टोनही. ‘जादूटोणा’ शब्दातला जो टोणा, तोच यात आहे. टोणा करणारी ती टोनही. तोच मंत्र पुरुषाला येत असेल तर तो बैगा, मांत्रिक, त्याला नारळ आणि कोंबडं. बाईला येतो असा नुसता संशय आला तरी दगड. आणि हे नाव कुणाला पडतं? बहुतेक वेळा एकट्या बाईला, म्हाताऱ्या बाईला, जिच्या नावावर चार डबकी जमीन आहे आणि पाठीशी माणूस नाही अशा बाईला. गाय आटली, पोर तापलं, तर बोट तिच्याकडे. नाव पडलं की वाळीत टाकणं, मारणं, गावातून हाकलणं सोपं होतं, आणि जमीन मोकळी होते. शेजारच्या छत्तीसगढमध्ये २००५ पासून टोनही प्रताडना निवारण कायदा आहे. तिथे कुणाला टोनही ठरवणं हाच गुन्हा आहे. आपल्याकडे नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तेव्हा मार पडेपर्यंत थांबायचं नाही. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं की त्याच दिवशी चार जणींनी मिळून त्या बाईच्या घरी जायचं आणि पोलिसांकडे लेखी अर्ज द्यायचा.

अर्जातल्या शब्दांचं महत्त्व काय असतं, हे आपल्याच रेल्वेमार्गाने देशाला शिकवलं आहे. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसलं की अर्जुनीच्या पुढे वडसा लागतं, म्हणजे देसाईगंज. मार्च १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. सेशन कोर्टाने आरोपींना सोडलं. तिला शरीरसंबंधाची ‘सवय’ आहे, हा शब्द तिच्या विरोधात गेला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फरक केला, भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, आणि शिक्षा दिली. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी उघडं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ‘सवय’ हा शब्द ज्या तपासणीतून येत असे, ती दोन बोटांची तपासणी करणं म्हणजे गैरवर्तन, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये बजावलं. एका शब्दाला हटवायला पन्नास वर्षं लागली. २०२३ मध्ये त्याच कोर्टाने निकालपत्रांत बाईविषयी कोणते शब्द वापरू नयेत याची पुस्तिका काढली.

शब्द बदलता येतात, हे आपल्याला ‘झाडीपट्टी’नेही दाखवलं आहे. जंगलातले, मागासलेले म्हणून जे नाव हेटाळणीने घेतलं जाई, त्याच नावाने आज झाडीपट्टीची नाटकं ताठ मानेने उभी राहतात, झाडीबोलीची साहित्य संमेलनं होतात. ज्यांचं नाव होतं, त्यांनीच ते हातात घेतलं, म्हणून हे झालं.

म्हणून आजच्या मेळाव्यापुढे मी चार गोष्टी ठेवते. चर्चा करा, पटल्या तर ठराव करा.

एक, गटाच्या रजिस्टरवर सौ., श्रीमती, गं. भा. लिहायचं नाही. बाई स्वतःचं जे नाव सांगेल तेच लिहायचं. कुणाला सासरचं हवं, कुणाला माहेरचं हवं, कुणाला आईचं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं शासनाने बंधनकारक केलं आहे. जन्मनोंदणीच्या वेळी ते लागलं की नाही, हे प्रत्येकीने तपासायचं.

दोन, व्यवसायाच्या रकान्यात ‘घरकाम’ लिहून मोकळं व्हायचं नाही. शेती करते तर शेतकरी, विडी वळते तर विडी कामगार.

तीन, तक्रार लिहिताना नावं ठेवणारे शब्द गाळायचे. ‘चारित्र्यावर संशय घेतो’ एवढ्यावर थांबू नका. तो काय म्हणाला, कशाने मारलं, किती वाजता, कुणासमोर, हे लिहा. पंचनामा वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा नाही.

चार, आपल्या तोंडातून हे शब्द निघतात का, ते एकमेकींनी बघायचं. वांझोटी, पांढऱ्या पायाची, टाकलेली हे शब्द पाणवठ्यावर बाईच बाईला म्हणते. शब्द पुरुषप्रधान व्यवस्थेने घडवला, पण तो गावभर फिरतो आपल्या जिभेवरून. तिथे रोखायला कोणत्याही कायद्याची गरज नाही.

रजिस्टर इथे टेबलावर आहे. जेवणाच्या सुटीआधी प्रत्येकीने यावं आणि आपलं नाव, जसं हवं तसं, स्वतः सांगून लिहून घ्यावं.